सात अधिक एक बरोबर चार

गणपतीत 'जरा ज्ञानवर्धक' काहीतरी करा म्हणाले, तेव्हाच पाय काढायला हवा होता. चार खुर्च्या, चार माणसं, हातात ० किंवा १ची पाटी, प्रत्येकाच्या खुर्चीखाली एक टोपी. टोपी ज्याच्या डोक्यावर, तिथं ट्युरिंग मशीनचं हेड; म्हणजे पट्टीवरची चिन्हं एकेक करून वाचणाऱ्या-बदलणाऱ्या काल्पनिक यंत्राचं वाचणारं टोक. टोपी शेजाऱ्याला द्यायची नाही. सेल्युलर ऑटोमेटात, म्हणजे शेजारी बघून सगळी घरं (सेल) एकदम बदलतात त्या रांगेत, काहीच सरकत नाही. एकानं काढायची, त्याच टाळीला अलीकडच्यानं, म्हणजे डावीकडच्यानं, आपली घालायची. टोपीखाली १ असेल तर ० करा, टोपी अलीकडे. ० असेल तर १ करा, टोपी काढा, संपलं. बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १च्या मोजणीत, ०१११ म्हणजे सात. चौथ्याला टोपी घालून सुरू केलं की त्यात एक मिळून शेवटी १०००, म्हणजे आठ.

दुसऱ्या खुर्चीवर बँकेतून निवृत्त झालेले काका. दुसरी टाळी वाजली. तिसऱ्या खुर्चीवरच्या मुलीनं १चा ० केला, टोपी काढली. काकांनी आधी चष्मा पुसला, मग मान वळवली.

"हिच्या डोक्यावर टोपी कुठाय?"

"काका, टाळीआधी होती."

"आधीचं आत्ता कसं बघू? शिल्लक आजची बघतात भिया, कालची नाही!"

"सगळ्यांनी जुनं बघून एकदम बदलायचं असतं..."

"म्हणजे कॅशियरनं आणि मी एकदम शिक्का मारायचा? ऑडिटला कोण उत्तर देणार?"

हेड गायब. पाट्यांवर ०१००, म्हणजे चार. काकांनी माइक घेऊन जाहीर केलं, "मशीन बिघडलंय."

मशीनला काही झालं नव्हतं! प्रोग्राम लिहिणारेही हेच करतात: एकाच अ‍ॅरेत (मेमरीतल्या रांगेत) उजवीकडून एकेक सेल बदलत येतात आणि हेड हरवतं. डावीकडून आलं तर या बेरजेत उत्तर योगायोगानं बरोबर येतं, ते जास्त घातक. हेड उजवीकडे जाणारं मशीन आलं की कळतं. उपाय दोन अ‍ॅरे. स्टेजवर दोन टाळ्या: पहिलीला ठरवा, नवी पाटी पालथी धरा; दुसरीला सगळ्यांनी उलटा.

दुसऱ्या फेरीत काकांनी पंख्याचा वारा लागतो म्हणून टोपी काढलीच नाही. सेलच्या स्थिती ४ (० किंवा १, टोपीसकट किंवा टोपीविना), शेजाऱ्यांसकट तिघांच्या मिळून नियमाच्या ओळी ६४. त्यातल्या ३२ ओळींत दोन किंवा जास्त टोप्या. त्या कधी लागणारच नाहीत म्हणून मी भरल्या नव्हत्या. लागल्या. 'नियम ११०' नावाचा सेल्युलर ऑटोमेटा फक्त आठ ओळींचा, आणि त्यावर कुठलंही गणित चालवता येतं हे मॅथ्यू कुक या संशोधकानं २००४ साली छापून सिद्ध केलं. त्याच्या रांगेत काका नव्हते.

सकाळी पोह्यांच्या गाडीवर काका भेटले. "हेच ते, सात अधिक एक चार!" पोहेवाल्यानं जीरावन मसाला भुरभुरवला आणि सुटे पैसे माझ्या हातावर एकेक मोजून ठेवले. काकांच्या डोक्यावर माझीच टोपी होती.