‘गद्य इंग्रजांनी आणलं’ म्हणणाऱ्यांना

मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की एक मजकूर न चुकता फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: कथा, कादंबरी, नाटक, निबंध, चरित्र, आत्मचरित्र हे सगळे साहित्यप्रकार मराठीला इंग्रजांनी दिले. त्याआधी आपल्याकडे होती फक्त देवाधर्माची कविता, गद्य नव्हतंच. आमच्या शाळासोबत्यांच्या गटावर तो आला तेव्हा खाली तीन अंगठे आणि ‘कटू सत्य’ असा शेरा. सगळंच खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण यातला काही भाग खरा आहे आणि त्याच्या आडोशाने बाकीचं खपून जातं.

आधी ‘गद्य नव्हतंच’ हे घेऊ. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपूरला म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं, म्हणजे १२९० च्या ज्ञानेश्वरीच्याही आधी. हे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचं पुस्तक. स्वामी निघून गेल्यावर म्हाइंभट त्यांच्या सहवासातल्या माणसांना गाठत राहिले. कोण कुठे होतं, स्वामी नेमके कोणत्या शब्दांत बोलले, हे विचारून टिपत राहिले आणि स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेत राहिले. आज एखादा चांगला बातमीदार याहून वेगळं काय करतो? वाक्यं आखूड, बोलीतली, संवादांनी भरलेली. मूळ पोथी धाडीत गेली आणि पुढच्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. त्यामुळे आज तिचे एकाहून अधिक पाठ आहेत, पण कुठलाही पाठ काढा, ते गद्यच. पाठोपाठ केशिराजबासांचा ‘दृष्टांतपाठ’ आला. त्यात ११४ दृष्टांत: आधी सूत्र, मग गोष्ट, मग गोष्टीचा अर्थ. आंधळ्यांनी हत्ती चाचपल्याची गोष्ट आपल्या भाषेत तेव्हापासून लिहिलेली आहे.

मग हा गैरसमज आला कुठून? त्यालाही कारण आहे. महानुभावांच्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत मठांमध्ये बंद होत्या. राजवाडे-भावे या संशोधकांच्या पिढीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची कुलुपं उघडली. एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या पंडिताने ‘मराठीत जुनं गद्य नाही’ असं म्हटलं असतं तर त्याला माफ करता आलं असतं. आज छापील लीळाचरित्र ग्रंथालयात मिळत असताना तेच म्हणायचं असेल तर निदान कपाटापर्यंत जाऊन यावं.

बखरी तर कुलुपातही नव्हत्या. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवचरित्र लिहिलं. पानिपतानंतर भाऊसाहेबांची बखर आली. इतिहास म्हणून बखरीत चुका सापडतात, अतिशयोक्ती तर पानोपानी. पण इथे प्रश्न इतिहासाचा नाही, लेखनप्रकाराचा आहे. तो प्रकार इथला आहे आणि त्याची भाषा तर अशी ठसकेबाज की पुढच्या ऐतिहासिक कादंबऱ्या कितीतरी वेळा तिच्याच तालावर चालल्या. रामचंद्रपंत अमात्यांचं राज्यकारभाराची नीती सांगणारं ‘आज्ञापत्र’ (१७१५ च्या सुमाराचं) तर मला निबंधाच्या फार जवळचं वाटतं. आरमारासाठी लाकूड लागतं, पण रयतेची आंबा-फणसाची झाडं तोडू नयेत. कारण ती त्यांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. एक मुद्दा, त्याचं कारण, मग त्याचा परिणाम. याला निबंध म्हणायचं नसेल तर नका म्हणू, पण गद्य नव्हतं असं तरी म्हणू नका.

दुसरा मुद्दा, ‘कविता फक्त देवाची’. हा चटकन संपतो. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा, राम जोशी, होनाजी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या लावण्या. लावणीला भक्तिकाव्य म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

चरित्र आणि आत्मचरित्र. लीळाचरित्र आणि सभासद वर आलेच. नामदेवांनी ज्ञानदेवांचं चरित्र अभंगांत सांगितलं, महिपतीने संतचरित्रांना आयुष्य दिलं. सतराव्या शतकातल्या शिऊरच्या बहिणाबाई आत्मनिवेदनाच्या अभंगांत लळा लागलेल्या वासराबद्दल लिहितात आणि नवऱ्याने केलेल्या मारहाणीबद्दलही. नाना फडणीसांनी गद्यात आपली हकिकत लिहिली. त्यात पानिपतावर आई हरवणं आणि स्वतः जीव वाचवून परतणं आहे. हे इंग्रजी अमलाच्या आधीचं आहे आणि कुणाचं पाहून लिहिलेलं नाही. आज आपण ज्याला आत्मचरित्र म्हणतो तो जाडजूड, जन्मापासून निवृत्तीपर्यंतचा ग्रंथ मात्र नंतरचा, हे मान्य.

नाटकाबद्दल जरा थांबायला हवं, कारण इथे गोंधळ जास्त आहे. फिरत्या मजकुरात म्हणतात की १८४३ साली इंग्रजी नाटकं बघून मराठी नाटक सुरू झालं. सालाची निवड बरोबर, कारण चुकीचं. त्या साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, आणि डोळ्यांसमोर होती कर्नाटकातून आलेली, पौराणिक खेळ करणारी भागवत मंडळी. सूत्रधार, विदूषक, गणपती-सरस्वतीचं आगमन, राक्षसांचा आरडाओरडा: यात लंडन कुठे शोधणार? त्याच्याही दीडेकशे वर्षं आधी, तंजावरच्या शहाजी राजांच्या कारकिर्दीत (१६८४ ते १७१२) ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक रचलं गेलं. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, तेलुगू-तमिळच्या शेजारात, म्हणून आपण ते मोजत नाही. ही आपली भौगोलिक खोड. इंग्रजी प्रभाव आला, पण नंतर. १८६७ मध्ये महादेवशास्त्री कोल्हटकरांनी शेक्सपिअरचा ऑथेल्लो आणला, पुढे आगरकरांनी हॅम्लेट ‘विकारविलसित’ म्हणून. पण किर्लोस्करांनी १८८० मध्ये संगीत नाटकाची लाट उठवली ती शाकुंतलाने, म्हणजे कालिदासाच्या खांद्यावर बसून.

उरली कादंबरी, लघुकथा, निबंध. इथे मजकूर बव्हंशी बरोबर आहे आणि ते कबूल करायला लाजायचं कारण नाही. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, हरिभाऊ आपट्यांची सामाजिक कादंबरी त्यानंतरची. दोन्हींचा साचा इंग्रजीच. (‘कादंबरी’ हे नाव मात्र बाणभट्टाच्या संस्कृत पुस्तकाचं आणि त्यातल्या नायिकेचं. पुस्तकाच्या नावावरून सगळ्या प्रकाराचं नाव पडावं, ही गंमत मराठीने केली आणि कानडीनेही.) १८७४ च्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकर इंग्रजीवर टीका करतात तीही जॉन्सन-मेकॉलेच्या घाटात. केशवसुतांचं सुनीत, म्हणजे चौदा ओळींचं ‘सॉनेट’, तिकडचंच. गझल मात्र फारसीतून आली, तेव्हा ती इंग्रजांच्या खात्यावर टाकू नये.

आणि नाट्यछटा! इंग्रज कवी ब्राउनिंगच्या एकभाषितांवरून दिवाकरांना ती सुचली, हे उघड आहे. त्यांनी लिहिल्या ५१, बहुतेक पानादोनपानांच्या. एकच माणूस बोलतो, समोरच्याचं ऐकू येत नाही, आणि तेवढ्यात सदाशिव पेठेतलं घर आपल्यासमोर उभं राहतं. ‘पंत मेले, राव चढले’ वाचताना ब्राउनिंग आठवत नाही. आठवतो आपल्याच ऑफिसातला कुणीतरी.