पूर्ण वेढा प्रत्येकालाच योग्य नाही
जठरातील आम्ल सतत अन्ननलिकेत उसळून येण्याच्या जुनाट विकारावर निसेन शस्त्रक्रियाच सर्वोत्तम आहे, हे एका लेखातील विधान मला घाईचे वाटते. रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती पूर्ण ३६० अंशांत गुंडाळून टाके घालतात, तर टूपे पद्धतीत तो मागच्या बाजूने साधारण २७० अंशांपर्यंतच आणतात. आम्ल रोखण्यात दोन्ही पद्धती जवळपास तुल्यबळ असल्याचे तुलनात्मक चाचण्यांतून दिसले आहे. मात्र पूर्ण वेढ्यानंतर घास अडकणे, ढेकर न येणे आणि पोट फुगून राहणे या तक्रारी अधिक आढळतात, आणि रुग्णाच्या रोजच्या जेवणाच्या दृष्टीने हा फरक मुळीच किरकोळ नाही. तिसरा पर्याय म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती बसवायचे चुंबकीय मण्यांचे कडे; त्याला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली; त्यात ढेकर देण्याची क्षमता बरीच टिकते, पण पुढे एमआरआय करण्यावर मर्यादा येतात. कोणतीही पद्धत निवडण्यापूर्वी एंडोस्कोपीबरोबरच मॅनोमेट्री (अन्ननलिकेच्या आकुंचनाचा दाब मोजणारी तपासणी) व्हायलाच हवी, कारण ज्याच्या अन्ननलिकेचे आकुंचन क्षीण आहे, अशा रुग्णाला पूर्ण वेढा घातल्यास गिळणेच अवघड होऊ शकते.