‘आटे मोजा, अलाइनमेंट विसरा’: टाय रॉड एंडच्या फॉरवर्डमध्ये काय चुकतं

गाड्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरत असतो. थोडक्यात असा: पुढून खटखट आली की समजा टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा रॉड चाकाकडे जोडणारा बॉल जॉइंट) गेला. गॅरेजवाले उगाच पैसे घेतात, घरी अर्ध्या तासाचं काम आहे. जॅक लावा, चाक काढा, नट सोडून बोल्टवर हातोडा मारा. जुना पार्ट काढताना किती आटे फिरले ते मोजा, नवा तितकेच आटे फिरवून बसवा, अलाइनमेंटची (चाकांचे कोन जुळवण्याची) गरज नाही. बसवताना टेपरला (जॉइंटच्या शंकूसारख्या दांडीला) ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी सहज निघेल.

यातली एक गोष्ट खरी आहे. टाय रॉड एंड घरी बदलता येतो, आणि स्टीअरिंगचं पहिलं काम म्हणून हाच पार्ट योग्य आहे. बाकीचा सल्ला मुद्देसूद तपासू. इथे मारुती, ह्युंदाई, टाटाच्या रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि दातेरी चाक) स्टीअरिंगच्या छोट्या गाड्या धरल्या आहेत.

‘खटखट म्हणजे टाय रॉड एंड.’

खड्ड्यातल्या खटखटीचं कारण बऱ्याचदा लिंक रॉड, लोअर आर्मचं बुश किंवा शॉकॲब्सॉर्बरचं वरचं माउंटिंग निघतं. आवाजावरून पार्ट विकत आणायचा नसतो, आधी चाक उचलून हलवून बघायचं. घड्याळाच्या ९ आणि ३ वर हात धरून हलवल्यावर प्ले (सैलपणा) लागला, तर टाय रॉड एंड, रॅक एंड (त्याच रॉडचा आतला, रॅककडचा जॉइंट) किंवा चाकाचं बेअरिंग यांपैकी काहीतरी. १२ आणि ६ वर धरूनही तसाच प्ले असेल, तर संशय बेअरिंग किंवा लोअर बॉल जॉइंटवर. मग चाकं जमिनीवर टेकवा, दुसऱ्या माणसाला स्टीअरिंग दोन बोटं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही जॉइंटवर हात ठेवा. गेलेला जॉइंट हाताला टकटक लागतोच. तिथे काही नाही, पण रॅकचा रबर बूट दाबून धरल्यावर आतून ठोके लागतात, तर दोष रॅक एंडचा. तो सोडताना रॅक घट्ट धरावा लागतो, नाहीतर जोर पिनियनच्या दातांवर जातो. पहिल्या वेळी त्याच्या वाटेला जाऊ नये.

‘जॅक लावा, चाक काढा.’

डिकीतला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. या कामात गाडीला बाजूने हिसके बसतात, म्हणून घोडी (उचललेली गाडी पेलणारा स्टँड) हवीच, तीही मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर घोडीचे पाय त्यात रुततात. खाली जाड प्लायवूडचा तुकडा टाका. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक कधीही नाहीत, ते इशारा न देता फुटतात.

‘नट सोडा आणि बोल्टवर हातोडा मारा.’

बोल्टच्या टोकावर मारलं की टोक पसरतं, आटे मरतात, आणि टेपर जागचा हलत नाही तो नाहीच. जॉइंटची दांडी शंकूसारखी असते आणि नकलच्या (चाक ज्यावर बसतं आणि वळतं त्या धातूच्या भागाच्या) भोकात घट्ट रुतून बसते. ती सोडवायची तर नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवा आणि नकलच्या ज्या कानात ती दांडी बसते, त्या कानाच्या बाजूवर एक किलोच्या हातोड्याने दोन-चार नेमके, जोरकस घाव घाला. कान क्षणभर दबतो आणि टेपर टक्कन सुटतो. नट राहू दिलेला असल्यामुळे काही अंगावर येत नाही. नकल ॲल्युमिनियमचं असेल तर हातोडा बाजूला ठेवून पुलरच (स्क्रूच्या जोराने जॉइंट सोडवणारं हत्यार) वापरा. दोन पात्यांची पाचर ठोकूनही जॉइंट सुटतो, पण त्यात रबर बूट फाटतो. पार्ट टाकूनच द्यायचा असेल तर हरकत नाही. फक्त रॅकचा बूट बदलायचा असेल आणि जॉइंट परत वापरायचा असेल, तर पाचर नको.

कोकणात, गोव्यात किनाऱ्याजवळ राहणाऱ्या गाड्यांचा चेक नट (एंडला रॉडवर जागच्या जागी पक्का धरणारा नट) गंजून रॉडशी एकजीव झालेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि तारेच्या ब्रशने आटे साफ करा. अर्ध्या तासाचा हिशेब इथेच बिघडतो.

‘आटे मोजा, तितकेच फिरवा, अलाइनमेंटची गरज नाही.’

सगळ्यात जास्त शेअर होणारं आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हे. मोजणी तीन ठिकाणी फसते.

पहिलं, चेक नट सोडताना. आतला रॉड त्याच्या चपट्या बाजूंवर दुसऱ्या पान्याने धरला नाही, तर नटाबरोबर रॉडही फिरतो आणि रॅकच्या बूटाला पीळ बसतो. तुम्ही एंडचे आटे मोजत असता आणि दरम्यान रॉडच हललेला असतो. बूटाची छोटी क्लिप आधी ढिली करा, म्हणजे रॉड हलला तरी बूट पिळवटत नाही.

दुसरं, नवा पार्ट. आट्यांच्या तोंडापासून दांडीच्या मध्यापर्यंतचं अंतर वेगवेगळ्या कंपन्यांच्या पार्टमध्ये एक-दोन मिमीने वेगळं असू शकतं. त्यामुळे आटे तंतोतंत तितकेच बसले तरी एकूण लांबी वेगळी येते.

तिसरं, शेवटी चेक नट कसताना एंड पाव आटा सरकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

एवढ्याशा फरकाने काय होतं, याचा हिशेब मांडून बघा. आट्याचा पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी आणि नकलचा स्टीअरिंगचा हात साधारण १२० मिमी धरू. एका पूर्ण आट्याने चाक सुमारे ०.६ अंश वळतं. १४ इंची रिमच्या कडेला हा फरक पावणेचार मिमीच्या आसपास येतो. छोट्या गाड्यांत टो (दोन्ही पुढच्या चाकांमधलं पुढून आणि मागून मोजलेल्या अंतरांचा फरक) शून्याजवळ ठेवतात आणि सूट असते एक-दोन मिमीची. म्हणजे अर्धा आटा चुकला की ती सूट संपली. नव्या पार्टची लांबी २ मिमीने वेगळी निघाली तर टो जवळपास ६ मिमीने बिघडतो. चुकलेला कोन दोन्ही चाकं निम्मा-निम्मा वाटून घेतात आणि प्रत्येक टायर दर किलोमीटरला आठेक मीटर आडवं घासलं जातं. चारचौघांत ‘गाडी मस्त सरळ पळते’ म्हणणाऱ्याच्या टायरवर आतून बाहेर आणि बाहेरून आत हात फिरवून बघा: एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं लागतं.

आटे मोजायला हरकत नाही, पण खरी मोजायची ती लांबी. रॉडच्या चपट्या भागावर खूण करा आणि तिथपासून जुन्या एंडच्या दांडीच्या मध्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरने किंवा पोलादी पट्टीने घ्या. नवा एंड त्याच अंतरावर आणा, मग आटे कितीही होवोत.

गाडी खाली उतरवल्यावर थोडी मागे-पुढे ढकला, म्हणजे सस्पेन्शन जागेवर बसेल. स्टीअरिंग सरळ ठेवून दोन्ही पुढच्या टायरांच्या मागच्या बाजूला, शक्य तितकं ॲक्सलच्या उंचीला, खडूने खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर घ्या. चाक अर्धा फेरा फिरेल इतकी गाडी पुढे ढकला आणि त्याच खुणांमधलं अंतर आता पुढून घ्या. खुणा त्याच असल्यामुळे रिम किंचित वाकडं असलं तरी मापात येत नाही. पुढचं अंतर कमी तर टो-इन, जास्त तर टो-आउट. स्टीअरिंगचा हात ॲक्सलच्या मागे असेल तर रॉड लांब केल्यावर टो-इन वाढतो, पुढे असेल तर उलटं. या मापात एखाद-दोन मिमीची चूक राहतेच. ते अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत हळू जाण्यापुरतं आहे. काही शे रुपये वाचवून टायरांची जोडी घालवण्यात शहाणपण नाही.

‘टेपरला ग्रीस लावा.’

हे चक्क उलटं आहे. तो जोड कोरड्या धातूच्या घर्षणावरच धरतो. ग्रीस असेल तर तेवढ्याच टॉर्कला दांडी भोकात प्रमाणाबाहेर खोल ओढली जाते. दांडी आणि भोक दोन्ही पुसून कोरडं करा. चेक नटाखालच्या आट्यांना हवं तर थोडं ग्रीस लावा, तिथे त्याचा उपयोग आहे.

नट कसताना दांडीच गोल फिरायला लागली तर खालून जॅकने हलका दाब द्या, टेपर पकडतो. काही दांड्यांच्या टोकाला ॲलन कीचं भोक असतं, त्यात की घालून धरता येतं. बहुतेक छोट्या गाड्यांत या नटाचा टॉर्क २५ ते ५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. खाचांचा नट असेल आणि भोक जुळत नसेल तर नट मागे सोडायचा नाही, पुढच्या खाचेपर्यंत कसायचा. स्प्लिट पिन दरवेळी नवी. तार किंवा खिळा चालत नाही. नायलॉनचा नट असेल तर तोही नवा.

‘एका बाजूचे आटे उलटे असतात’ अशी पुरवणीही या मजकुराला कधीकधी जोडलेली असते. रॅक-पिनियनच्या बहुतेक गाड्यांत दोन्ही एंडचे आटे सुलटेच असतात. उलटे आटे सापडतात ते जुन्या जीपसारख्या लांब टाय रॉडच्या गाड्यांत. मात्र डावा आणि उजवा पार्ट अनेक मॉडेलांत वेगळा असतो, म्हणून पुण्याच्या नाना पेठेत असो की गावातल्या दुकानात, काउंटरवरच जुना आणि नवा शेजारी ठेवून बाक आणि आटे जुळवून घ्या. दोन्ही बाजू एकदम बदलायलाच हव्यात असं नाही. पण दुसऱ्या बाजूचा बूट चिरलेला असेल तर आत्ताच बदला. पावसाळ्यात चिखलाचं पाणी आत शिरलं की तो जॉइंट लवकरच जातो आणि अलाइनमेंटचे पैसे पुन्हा द्यावे लागतात.

काम झाल्यावर स्टीअरिंग वाकडं आलं तर ते काढून स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) एक दात सरकवून बसवण्याचा सल्लाही मिळेल. तो ऐकू नका. तिथे एअरबॅग आणि क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टीअरिंगमधल्या एअरबॅगला वायरने जोडणारा भाग) आहे, आणि वाकडेपणाचं कारण तिथे नाहीच. एका बाजूचा रॉड जितका आखूड करायचा तितकाच दुसरा लांब करायचा. टो तसाच राहून स्टीअरिंग सरळ होतं. ईएससी (गाडी घसरू नये म्हणून ब्रेक सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत त्यानंतर दिवा लागला तर स्टीअरिंग अँगल सेन्सरची शून्य स्थिती स्कॅनरने पुन्हा नोंदवावी लागते, आणि ते काम घरच्या पान्यांनी होत नाही.