घरफाळ्याच्या बिलातली एक ओळ आणि आमचा संज्या

परवा रात्री तालमीसमोरच्या कट्ट्यावर संज्या घरफाळ्याचं, म्हणजे घरपट्टीचं, बिल हातात धरूनच आला, जसं काय कुणाला तरी नोटीस बजावायचीय. बसला नाही, चहा नको म्हणाला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि कागद बंड्याच्या नाकासमोर धरला.

"वाच. काय लिवलंय?"

बंड्यानं चष्मा कपाळावर सारला. "शिक्षण कर."

"मला पोर हाय का?"

सगळे गप. संज्याला पोर नाही हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे आणि का नाही तेही माहीत आहे, दहा-बारा वर्षं दवाखाने झाले, नवस झाले, मग नवरा-बायकोनं बसून ठरवलं की आता बास. आम्ही हा विषय कधी काढत नाही. आज त्यानंच काढला.

"आणि पगारातनं जातंय ते येगळंच. औंदा 60 हजार टॅक्स बसला, त्याच्यावर 4 टक्के शिक्षणाचा सेस, म्हंजे करावर कर, झाले 2400. 2004 ला 2 टक्क्यानं सुरू केलं, 2007 ला 3 झालं, 2018 ला त्यात आरोग्य घुसडून 4. आरोग्याचं घ्या, मी आजारी पडतो. पण शाळेचं कशाला? माझ्या घरातनं दप्तर घेऊन कोण भाईर पडतंय?"

दिग्यानं लगेच अग्निशमनचा बंब काढला. हा बंब असल्या प्रत्येक चर्चेत कुणीतरी काढतंच. "तुझ्या घराला आग लागली न्हाई म्हणून बंबाचे पैसे परत मागतोस काय लेका?"

"आग कधीबी लागंल. पोर आता व्हायचं न्हाई."

यावर दिग्याकडं काही नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं खरं तर.

मग बंड्यानं दुसरा हुकमी पत्ता टाकला, की तू स्वतः म्युन्सिपाल्टीच्या शाळेत फुकट शिकलास, त्याचं काय. संज्या म्हणाला, "ते माझ्या बानं भरलेत घरफाळ्यात." आणि इथं मास्तर हसले. मास्तर म्हणजे आमच्यातले जिल्हा परिषदेच्या शाळेतले, वयानं थोडे मोठे. "संजय, तुझे वडील तात्यांच्या वाड्यात भाड्यानं राहायचे. घरफाळा तात्या भरायचे. आणि तात्यांना मूलबाळ नव्हतं."

आता संज्या पडला असं आम्हाला वाटलं. पण हा ऐकतोय होय! "तात्या दर दोन वर्षाला भाडं वाढवायचा की ओ. विचारलं की म्हणायचा घरफाळा वाढला. म्हणजे भरला कुणी? माझ्या बानंच." आणि हे काही खोटं नाही, कर ज्याच्या नावावर असतो त्याच्याच खिशातनं जातो असं थोडंच असतंय.

मास्तरांना मात्र ह्यातनं जोर आला. म्हणाले, हे भांडण जुनं आहे, फक्त उलटं आहे. जोतिराव फुल्यांनी 1882 ला शिक्षणाची चौकशी करणाऱ्या इंग्रज सरकारच्या हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं त्यात हेच मांडलं, की सरकारचा महसूल येतो बराचसा रयतेच्या घामातनं आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गासाठी. म्हणजे तिथं पोरं असलेलाच शेतकरी पैसे भरत होता आणि शाळा मिळत होती दुसऱ्याच्या पोराला. मग गोपाळ कृष्ण गोखले, आपल्या कागल-कोल्हापुरात शिकलेला माणूस, त्यांनी 1911 ला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याचं बिल आणलं, त्यात स्थानिक संस्थांना शिक्षणासाठी पट्टी बसवायची मुभा होती. 1912 ला 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. "आणि पाच वर्षांनी, 1917 ला, शाहू महाराजांनी इथं करून दाखवलं. पोरगं शाळेत पाठवलं न्हाई तर बापाला महिन्याला 1 रुपया दंड. त्या काळचा 1 रुपया!"

"बघा," संज्या म्हणाला, "दंड पोरं असणाऱ्याला. मला न्हाई."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. पण हसत होते.

खरी गंमत पुढं झाली. संज्यानं बंड्याला विचारलं, तुझी दोन्ही कुठं जातात? इंग्लिश मीडियमला, बसची फी वेगळी. मला विचारलं, माझाही तिथलाच. दिग्याची पोरगी हायस्कूलला आहे, तो म्हणाला ती खाजगीच की. मास्तर म्हणाले खाजगी न्हवं बाबा, अनुदानित, तिच्या सरांचा पगार सरकार देतंय म्हणून तुला फी परवडते. दिग्याला हे माहीतच नव्हतं! तीन वर्षं मुलगी त्या शाळेत आहे.

"म्हणजे," संज्या बोटांवर मोजत म्हणाला, "एक दिग्या सोडला तर सरकारी पैशावरच्या शाळेच्या हिशोबात तुम्हीबी निपुत्रिकच की लगा. मग तुम्ही का बोंबलत न्हाई?"

ह्याला काय बोलणार. आम्ही कर भरतो, वर खाजगी शाळेला भरतो, आणि त्या बिलातली ओळ कधी वाचतही नाही. 2007 पासून तो जादाचा 1 टक्का माध्यमिक आणि उच्च शिक्षणाच्या नावानं कापला गेला, त्याच्यासाठी वेगळा कोष 2017 पर्यंत काढलाच नव्हता, सरकारचा हिशोब तपासणाऱ्या कॅगनं त्यावर ताशेरे मारलेत. दहा वर्षं! त्यावर कट्ट्यावर एक शब्द झाला नाही. माझं विचाराल तर कर संज्यानंही भरावा, पुढं म्हातारपणी त्याला सुई टोचणारी नर्स आत्ता कुठल्या तरी शाळेत पाढे म्हणत असणारच. पण पैसे कुठं गेले हे आमच्यात विचारलं ते फक्त पोर नसलेल्या माणसानं, आणि हे मला जरा लागलं.

मास्तर म्हणाले जरगनगरला जाऊन बघ एकदा गुढीपाडव्याला, मनपाची शाळा आहे, प्रवेशासाठी आदल्या रात्रीपासून आई-बाप रांगेत असतात. तुझा कर तिथं दिसतो. संज्या म्हणाला, "पेपरात वाचलंय. तसल्या धा काढा, मी डबल भरतो."

मग जरा वेळानं, बाकीचे भडंग खात होते तेव्हा, मला हळूच म्हणाला, "पैशाचं काय न्हाई रे. हाफिसात दिवाळीची ड्युटी दर वर्षी मलाच. तुला काय, पोरंबाळं न्हाईत. बदली मलाच, तुला काय, शाळा बघायची न्हाई. आणि बिलात मात्र शाळा हाय."

तेवढ्यात तालमीची पोरं वर्गणीचं पुस्तक घेऊन आली. दिग्याला संधीच मिळाली, "ह्याच्याकडनं घेऊ नका रे, हा वीस वर्षांत आखाड्यात उतरलेला न्हाई."

संज्यानं त्याला एक शिवी हासडली, घरफाळ्याचं बिल दातात धरलं आणि खिशातनं पाकीट काढलं. "501 ची फाड. आणि नाव नीट घाल, गेल्या वर्षी संजीव घातलंतासा."