पोरगी केवढी आहे, ते आधी विचारा

आज दुपारी धाकट्या बहिणीसोबत जळगावात एका ट्रॅव्हल एजंटकडे गेले होते. आल्यापासून डोकं तापलंय. लांबलचक होईल, पण घरात लहान मूल असेल तर वाचाच.

बहिणीची पोरगी दीड वर्षाची. मेहुण्यांच्या मनात यंदा क्रूझ आहे, सिंगापूरहून. आम्ही बसलो न बसलो तोच एजंटने लॅपटॉप आमच्याकडे फिरवून व्हिडिओ लावला. वीस मजले, सहा वॉटरस्लाइड, सात हजारांवर प्रवासी. मी जहाज ओळखलं, रॉयल कॅरिबियन कंपनीचं आयकॉन ऑफ द सीज. ते जानेवारी 2024 पासून अमेरिकेत मायामीहून सुटतं. मग सिंगापूरच्या पॅकेजला त्याचा व्हिडिओ कशाला? तर म्हणे, "ताई, कंपनी तीच, फील तोच." भाची बहिणीच्या खांद्यावर गाढ झोपलेली, ओढणी लाळेने ओली झालेली. तासभर आम्ही तिथे होतो. पोरगी केवढी आहे, हे त्या माणसाने एकदाही विचारलं नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न तोच. "पोर कितली मोठी शे, हाई इचारं का त्यानी?" आई कधी बोटीत बसलेली नाही. तिला कळतं ते याला कळू नये?

माझा राग आजचा नाही. माझी लेक दोन वर्षांची असताना आम्ही अशाच एका मोठ्या जहाजावर गेलो होतो. महिनाभर आधीपासून ती पोहण्याचा पिवळा ड्रेस घालून घरभर फिरायची. पहिल्याच सकाळी पूलवर गेलो. तिथल्या मुलीने खाली वाकून अगदी गोड आवाजात सांगितलं, नॅपीतल्या मुलांना पाण्यात सोडता येत नाही, पोहण्याची खास नॅपी असली तरी नाही. लेकीला काय कळणार? ती काठावर उभी, पायाची बोटं आत वळवलेली, आणि समोर मोठी मुलं धपाधप उड्या मारताहेत. नियम चुकीचा नाही, पाणी सगळ्यांचं असतं, मान्य. पण पैसे भरताना आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

म्हणून बहिणीला सांगितलं, जहाज किती मोठं ते मरू दे. दीड वर्षाच्या पोरीला त्यात काय मिळणार, ते विचार. वॉटरस्लाइडवर उंची मोजून सोडतात, त्या बाद. मुलांच्या क्लबचे रंगीत फोटो दाखवतात, पण रॉयल कॅरिबियनसारख्या कंपनीत तो तीन वर्षं पूर्ण झालेल्या आणि नॅपी सुटलेल्या मुलांसाठी असतो. त्याहून लहानांसाठी काही जहाजांवर पाळणाघर असतं, तिथे तासावर पैसे लागतात. राहिला पूल, त्याचं वर सांगितलंच. म्हणजे ज्या गोष्टी दाखवून पॅकेज विकतात, त्यातली एकही तिच्या वाट्याची नाही. तरी हे म्हणणार, "मुलांसाठी बेस्ट." कुठल्या मुलांसाठी?

डिस्नेच्या काही जहाजांवर नॅपीतल्या मुलांना पाण्यात खेळायला वेगळी जागा ठेवलेली असते. असं काही विचारायचं असतं. आमच्या जहाजावर तेवढा एक कोपरा असता तर माझी लेक त्या काठावर तशी उभी राहिली नसती.

मोठं जहाज कमी हलतं, डॉक्टर असतो, लिफ्ट भरपूर असतात. बरं, मानलं. पण 365 मीटर लांबीच्या जहाजावर एका टोकाला खोली आणि दुसऱ्या टोकाला जेवण असलं, की पेंगुळलेलं पोर कडेवर घेऊन चालून बघा. त्यात जेवायला बसल्यावर कळतं की तिची बाटली खोलीत राहिली.

खोलीबद्दल तर कुणी बोलतच नाही. सगळे बाल्कनीच्या मागे. माझं मत विचाराल तर इतक्या लहान मुलाला बिनखिडकीची आतली खोली चांगली. दुपारी दिवा बंद केला की मिट्ट अंधार, पोर दोन तास झोपतं, आणि बाल्कनीच्या दाराला लटकण्याची धास्ती नाही. खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर मागायची, तिथे हेलकावे कमी लागतात. पाळणा बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यायचा. पेज करायला म्हणून इलेक्ट्रिक केटल नेऊ नका, बऱ्याच कंपन्या बॅग तपासताना काढून घेतात. बाथरूममध्ये बहुतेक ठिकाणी नुसता शॉवर. शॉवरला घाबरून किंचाळणाऱ्या पोरीला मी रोज मांडीवर घेऊन मगाने आंघोळ घातली आहे, तो मगही घरून नेलेला.

मेहुण्यांना मी मुंबईहून निघणारं, कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस जहाज सुचवलं. 1990 चं जहाज, आकाराने आयकॉनच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं. रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून गोवा करून परत. विमान नाही, परदेशातली धावपळ नाही, जेवण ओळखीचं. जुनं आहे, खोल्या लहान आहेत, हेही खरं. लक्षद्वीपच्या फेरीला मात्र मी नको म्हटलं, तिथे जहाजातून लहान होडीत उतरावं लागतं, हातात मूल असताना ते नको.

मेहुणे गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "ताई, मी कॉलेजला असताना पहिल्यांदा समुद्र बघितला. पोरीला लवकर दाखवायचा आहे." इथे मात्र माझा राग उतरला. आपण तापीकाठची माणसं. आपली नदी सुरतेपाशी समुद्राला मिळते, पण आपल्यातल्या कित्येकांचं आयुष्य तिथवर न जाताच सरलं. माझ्या आजोबांचं सरलं. बापाला असं वाटणारच, आणि त्यासाठी तो कर्ज काढायलाही तयार होतो. याच वाटण्यावर कुणी व्हिडिओ लावून धंदा करतं, म्हणून तर चीड येते.

आणि खरं सांगू? माझ्या लेकीला त्या सहलीतलं काय आवडलं होतं? पूलवरून रडत आणली, तर वाटेत रेलिंगच्या काचेला नाक लावून बसली. खाली जहाजाच्या कडेने पांढरा फेस पळत होता. "दूध, दूध" म्हणून ओरडत होती. उठायलाच तयार नाही. ते बघायला वीस मजले लागत नाहीत.

मेहुणे अजून सिंगापूरवरच आहेत, बहीण मुंबईच्या बाजूने. रविवारी ठरणार आहे. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडच्या कुणी तीन वर्षांच्या आतलं मूल क्रूझवर नेलं असेल तर खाली लिहा. जहाज कोणतं, मूल तेव्हा केवढं होतं, खोली कुठल्या मजल्यावर होती, आणि मऊ भात मागितल्यावर मिळाला का. फोटो नकोत, एवढंच सांगा. बहिणीला टॅग केलंय.