काड, शेण, मल्चिंग: सगळं एकाच तराजूत?
शेतातला कचरा कसा मोजायचा यावरचा लेख वाचला. पिकाच्या उत्पादनाला ठरावीक गुणोत्तराने गुणलं की वर्षाचा शेतकचरा निघतो, हे त्यातलं वाक्य काही पटलं नाही. त्यातून निघतं ते पीक-अवशेषांचं एकूण वजन. गव्हाचं काड दाण्याच्या साधारण सव्वा ते दीडपट धरतात (बुटक्या जातींना कमीच), पण ते जनावरांच्या दावणीत गेलं तर कचरा कसला? वर तेच पुढे शेण म्हणून पुन्हा मोजायचं! ताज्या शेणात 80 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे वजन ओलं की सुकं हे न सांगता दिलेल्या टनांना अर्थ नाही.

लेखात प्लॅस्टिकचा तर उल्लेखच नाही, याचं जास्त नवल वाटलं. हंगाम संपल्यावर मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरतात ती प्लॅस्टिकची पातळ शीट) ओढून काढून बघा. कडेला मातीत गाडलेला भाग फाटून तिथेच राहतो, हातात येतो त्याला चिखल आणि मुळ्या चिकटलेल्या. तो काट्यावर घालून काय कळणार? त्यापेक्षा विकत किती आणला आणि किती हंगाम टिकला, यावरून हिशेब बरा. ठिबकच्या नळ्या, खतांच्या गोण्या, औषधांच्या बाटल्या यांचंही तसंच.