एडिसनचे सगळेच ‘मतदार’ नाहीत हो!

‘कमला हॅरिस यांच्या आई चेन्नईच्या, म्हणून तिकडचे भारतीय त्यांच्याच मागे उभे राहिले’, हे अमेरिकेच्या २०२४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या हॅरिस-ट्रम्प लढतीवरच्या लेखातलं वाक्य वाचून हसूच आलं. माझा भाचा न्यू जर्सीत, एडिसनला असतो. २०२४ च्या ऑक्टोबरात दांडिया बाजारातल्या आमच्या घरून व्हिडिओ कॉल लावला, तर तिकडे नवरा-बायकोत जुंपलेली. तो ट्रम्पवाला, अंड्यांच्या भावावरून तापलेला. ती हॅरिसवाली, गर्भपाताच्या हक्कासाठी. चेन्नईचा ‘च’सुद्धा कुणी काढला नाही. आणि गंमत म्हणजे मताचा हक्क फक्त तिला! पोस्टाने आलेला मतपत्रिकेचा लिफाफा फ्रिजवर चुंबकाने लावलेला दिसत होता. आमचे भाचेबुवा अजून ग्रीन कार्डवर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना आहे, पण नागरिकत्व नाही. नागरिक झाल्याशिवाय तिथे राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही. आवाज मात्र त्याचाच मोठा (मामावर गेलाय).

लेखकाने न्यू जर्सीत ज्या चौघांना बोलतं केलं, त्यांना मताचा हक्क होता का, एवढं तरी विचारायचं. शिवाय तिथली १४ इलेक्टोरल मतं (राज्य जिंकणाऱ्याला मिळतात आणि राष्ट्राध्यक्ष ठरवतात ती) हॅरिसना मिळणार हे जवळपास ठरलेलंच होतं. खरी चुरस डेलावेअर नदीपलीकडे, पेन्सिल्व्हेनियातल्या १९ मतांसाठी होती, आणि ती ट्रम्पना गेली. तिथल्या देशी मंडळींना गाठायला हवं होतं.